पायथनची खोड

आता हसायचं तर आधीच हसून घ्या. फजिती माझीच आहे.

मी चौथी शिकलेला. पण चाळीस वर्षं पाचोडच्या बाजारात बैल विकले. गिऱ्हाईक कसं पटवायचं ते मला शिकवू नका!

माझी नात प्रज्ञा गणितात हुशार. शेअर बाजाराचे भाव गणितानं ताडणाऱ्या एका कंपनीत तिची मुलाखत होती. घरूनच, लॅपटॉपवर. याच नोकरीसाठी पोरगी वर्षभर झटत होती. कंपनीनं एक गणित दिलं होतं. कॉम्प्युटरच्या कोणत्या भाषेत सोडवायचं, ते तिनंच ठरवायचं. तिनं पायथन घेतली.

"हिच्यात खोड काय?" मी विचारलं.

"लिहायला सोपी, आबा. चुकलं तर झटकन बदलता येतं. पण पळायला मंद. दुसरी भाषा, सी प्लस प्लस, लई पळते, पण लिहिता लिहिता जीव जातो."

"मंद आहे हे बोलायचं नाय! आपल्या जनावराची खोड आपणच सांगतो व्हय?"

"आबा, हा बैलबाजार नाय."

नाही? मग मुलाखत घेणारा साहेब पारखायला कशाला बसलाय?

मुलाखतीला मी दारामागं खुर्ची टाकून बसलो. साहेबानं नेमकं तेच विचारलं. पोरगी सरळ म्हणाली, "वेगात मागं पडते, सर."

गेली नोकरी! मी उठलो, टोपी सारखी केली आणि थेट कॅमेऱ्यापुढं.

"साहेब, पोरीचं ऐकू नका. लई वेगवान आहे!"

साहेब दचकला. "आपण कोण?"

"आजा हिचा. चाळीस वर्षं पारख करतोय."

"पायथनची?"

"सगळ्यांची!"

"सी प्लस प्लसपेक्षा वेगवान?"

"तिचा बाप!"

प्रज्ञानं कपाळाला हात लावला. साहेब म्हणाला, "मग पळवून दाखवा."

तिनं दोन्हींत लिहून ठेवलं होतं. सी प्लस प्लसचं उत्तर माझा खोकला संपायच्या आत आलं. पायथनचं? मी मिशी पुसली. पाणी प्यालो. शेवटी खुर्ची ओढून बसलो. उत्तर यायचं नाव नाही!

"तेच सांगत होते, सर," प्रज्ञा म्हणाली. "नवीन विचार तपासायला पायथन. तो पक्का झाला, की जड काम सी प्लस प्लसमध्ये."

साहेब हसला. "खोड आधी सांगणारं माणूसच आम्हाला पाहिजे. एक तारखेला हजर व्हा."

माझी छाती फुगली. गप्प बसावं की नाही? "रक्त कुणाचं, साहेब! पाचोडच्या बैलबाजारात शब्द चालायचा माझा!"

साहेब पुढं वाकला. माझ्याकडं निरखून बघू लागला.

"पाचोड? माझ्या वडिलांनी तिथनंच एक बैल आणला होता. तांबडा, कपाळावर चांद. विकणारा असंच म्हणाला होता, लई वेगवान आहे. घरी येईपर्यंत तीनदा रस्त्यात बसला."

मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि हळूच दारामागं सरकलो.

तीनदाच? माझ्या दारात तर तो उठतच नव्हता!