काटेरी कडेची गाठ

हे मी बायकोलाही बोललो नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर थोबाडीत दिली असती, आणि बरं झालं असतं.

शहागंजजवळ माझं सोनोग्राफी-मॅमोग्राफीचं सेंटर. स्तनातल्या गाठींचे फोटो बघण्यात मी मुरलेला — आणि लई माजलेला. कॅन्सर कुठल्या प्रकारचा, हे खरं कळतं सुईनं तुकडा काढून तपासल्यावर. मी फोटोवरूनच ठोकायचो. कड काटेरी दिसली, की हार्मोनवर वाढणारा, संथ, गोळ्यांनी आटोक्यात येणारा. बहुतेकदा बरोबर निघायचं. डॉक्टर मंडळी वाहवा करायची. ती मला चढली होती.

लासूर स्टेशनकडची कौसाबाई आली, मेंढपाळाच्या घरातली. कड काटेरी. मेंढरं घेऊन निघायचे दिवस होते, चार महिन्यांनीच परतणार होते. परत आल्यावर सुई केली तर चालेल का, असं घरचे विचारत होते. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. टेक्निशियन संगीताला म्हटलं, बाहेर सांग, संथ प्रकार आहे, आल्यावर करू.

ती दारातच थांबली. "सर, सुई तरी करून जाऊ द्या ना."

मी खेकसलो — डॉक्टर तू का मी? मग ती बाहेर जाऊन सांगून आली.

कौसाबाई परतली तेव्हा गाठ कातडी फाडून बाहेर आली होती. सुई केली. प्रकार ठरवणाऱ्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह. म्हणजे गोळ्यांचा उपयोगच नाही, आणि वाढ वणव्यासारखी. दोन महिन्यांत बाई वारली.

तेरावं झालं आणि तिचा भाऊ आला, मेंढरं वळायची काठी घेऊन. काउंटर फोडलं, मॉनिटर फोडला, मग माझी कॉलर धरली. "थांबा म्हनून कुनी सांगितलं व्हतं?"

काय केलं असेल मी? बोट केलं — संगीताकडं.

तोंड तिचंच होतं ना? — असली वकिली मी तेवढ्या क्षणात स्वतःशी केली, बघा. हरामखोरी, दुसरं काय.

काठी तिच्या खांद्यावर बसली, मग हातावर, मग डोक्यावर. ती पडली तर लाथा. मी मशीनच्या खोलीत शिरून आतून कडी लावली. काचेतून सगळं दिसत होतं. ती काचेकडंच बघत होती. मी कडी काढली नाही.

पुढं पोलिसात जबाब झाला. संगीता प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बाकावर, मी खुर्चीवर. मी सांगितलं, यांनी पेशंटला परस्पर सांगितलं, मला पत्ताच नव्हता. हवालदारानं तिला विचारलं, खरं आहे का? दोन लेकरं तिच्या एकटीच्या पदरात, आणि नोकरी माझ्याकडं. ती म्हणाली, "सर म्हणतात तसं लिहा."

त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं. तिचं आडनाव राहिलं होतं. ते मी घालायला लावलं, आणि मग सही केली.