काकूंच्या कॅमेऱ्याचा पडदा

शकुनकाकूंना ‘आता हे होणार नाही’ असं सांगणाऱ्या माणसाची मला कीव येते. नकार ऐकला की बाईंच्या अंगात बळ संचारतं. जन्म कोलकात्यातला, नोकरी शाळेत भूगोल शिकवायची. यजमान दिनकरकाका गेल्यापासून भवानीपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. त्यांच्या खालच्या मजल्यावर आमचं बदलीवर आलेलं बँकेचं बिऱ्हाड. मुलगा पुण्याला बोलावतो, तर त्याला सुनावतात, “तिथे मराठी बोलायला सगळेच आहेत. माझी गरज काय?”

आमच्या मराठी मंडळाची गणपतीतली नाटकं बसवायचे दिनकरकाका आणि टेपच्या कॅमेऱ्यावर टिपायच्या काकू. यंदा दिवाळीआधी मंडळाचं कपाट साफ करायला निघालं, तेव्हा सचिव सलील म्हणाला, “काकू, या टेपा लावायला मशीन कुणाकडेच नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर चालतात का ते रविवारी दाखवा, कॉपी करून घेऊ. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंच आहे.” सलील इथेच लहानाचा मोठा झालेला. मुलगा वाईट नाही, पण मोकळ्या कपाटाची त्याला भारी हौस.

काकूंनी घरी येऊन कॅमेऱ्याचा पडदा उघडला, तर काळा ठिक्कर. टेप चालू करायचं बटणही त्या पडद्यावरच, बोटाने दाबायचं. म्हणजे पडदा गेला की टेपाही गेल्या, आणि टेपांबरोबर काकांचा आवाजही. हे त्या बोलल्या नाहीत, पण रात्री जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोने एस्प्लनेडला उतरून मागच्या बाजारात गेलो. दुकानदाराने कॅमेरा हातातही घेतला नाही. “माशीमा, एटा आर होबे ना,” म्हणाला. मावशी, हे आता होणार नाही, भाग मिळत नाहीत, नवा घ्या. उघडून पाहिलंत का, असं काकूंनी त्याला अस्खलित बंगालीत विचारलं. त्याने नुसती मान हलवली.

“न बघताच नाही म्हणतो,” काकू माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या आणि कॅमेरा पिशवीत टाकून चालू लागल्या.

घरी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला. मला धास्ती वाटत होती. म्हटलं, “काकू, उरलासुरला जीवही जाईल त्याचा.”

“गेलाच म्हणताय ना सगळे? मग मी आणखी काय मारणार?”

त्यांनी कॅमेरा चालू केला, पडदा उघडला आणि मागच्या छोट्या भिंगाला डोळा लावला. भिंगात माझं नाक स्वच्छ दिसत होतं म्हणे. काकू थबकल्या.

“अगं, पडदा उघडला की हे भिंग विझतं. नेहमी विझतं. आज विझलेलं नाही. म्हणजे या येड्याला वाटतंय, पडदा अजून मिटलेलाच आहे.” मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. “फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो ना? दाराला एक बटण असतं. तसंच इथेही असणार.”

बॅटरी काढून ठेवली. मी टॉर्च धरला. बिजागरीपाशी खरोखरच एक इवलंसं बटण होतं, आत रुतून बसलेलं. काकूंनी दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि हलक्या हाताने कडेने फिरवला. कापूस लालभडक झाला. पाठोपाठ तांदळाचा तुकडा निघाला.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. कुंकू आणि अक्षता. खंडेनवमीला काकू घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतात. बाहेर दुर्गापूजेचे ढाक वाजत असतात आणि आत शिवणयंत्र, विळी, काकांची पेटी ओळीने मांडलेली असते. कॅमेराही त्या रांगेत. तो मिटलेला कसा पुजायचा, म्हणून पडदा उघडून, ओलं कुंकू भरपूर. ज्यांनी कॅमेरा इतका जपला, त्यांनीच भक्तिभावाने त्याचा पडदा बंद पाडला होता.

हसू दाबत मी म्हटलं, “पुढच्या वर्षी याची पूजा राहू द्या.”

“का राहू द्या? करणारच. पट्ट्याला लावीन कुंकू. चुकलं माझं बोट, पूजा नाही चुकली.”

बटण टक्कन वर आलं. स्पिरिट वाळू दिलं, बॅटरी लावली, पडदा उजळला. काकूंचे डोळे भरून आले. ते मला दिसू नयेत म्हणून त्या उगाचच बॅटरी शोधायला लागल्या. बॅटरी तर कॅमेऱ्यातच होती.

रविवारी मंडळात गेलो, तर टेपा आधीच पोत्यात भरून दाराशी ठेवलेल्या. काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांनी पोत्यात हात घालून एक टेप काढली आणि लावली. सगळे त्या तळहाताएवढ्या पडद्यावर वाकले.

पडद्यावर छोटा सलील, पोस्टमनच्या टोपीत, वाक्य विसरून रडवेला उभा. कॅमेऱ्यामागून काकू घाईने वाक्य सांगू लागल्या, तोच विंगेतून काकांचा आवाज आला, “थांब गं शकुन. आठवेल त्याला. वेळ दे.” मग पोराने वाक्य म्हटलं, खणखणीत.

सचिवसाहेब पडद्यापासून हलेचनात. “काकू, परत लावा ना.”

“लावीन. आधी टेपा कपाटात ठेव. सालवार.”

सलील जमिनीवर बसला आणि पोतं सोडू लागला. शेवटची टेप कपाटात गेली तेव्हा भंगारवाला दारात येऊन उभा होता. काकूंनी त्याच्या हातात रिकामं पोतं दिलं.