एलोडीच्या रिबिनीचे टाके

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर तुम्हीही मला चांगली बाईच म्हणाला असता. सगळे म्हणतात.

तेव्हा आम्ही दुबईत इंटरनॅशनल सिटीत राहायचो. माझी सई आणि तिची मैत्रीण एलोडी, दोघी रिदमिक जिम्नॅस्टिक्स करायच्या. एलोडी फ्रेंच. तिची आई एकटी, नर्स, सदा ड्यूटीवर. म्हणून दोघींना क्लासला नेणं-आणणं माझ्याकडे, आणि स्पर्धेआधी रिबिनींना इस्त्री करणंही. पाच मीटरची ती रिबीन, सुरकुती राहिली तर हवेत नीट फिरत नाही. एलोडी मला मावशी म्हणायची. सई स्पर्धेआधी माझ्या पाया पडते हे बघून तीही पडायला लागली. मला ते आवडायचं. खरंच आवडायचं.

आता पुढचं — कसं सांगू? सई मेहनती होती. पण एलोडी मॅटवर आली की बाकीच्या आया हातातले फोन खाली ठेवायच्या, आणि सईची पाळी आली की त्याच आया चहा आणायला उठायच्या. चार वर्षं मी हे पाहिलं. मला मत्सर वाटायचा. तेरा वर्षांच्या पोरीचा, जी माझ्याच गाडीत बसून माझ्याच डब्यातलं थालीपीठ खायची.

त्या दिवशी फ्रान्सहून एक प्रशिक्षिका खास तिला पाहायला आली होती. पसंत पडली असती, तर तिकडच्या मोठ्या केंद्रात प्रवेश. सकाळी इस्त्री करताना मला दिसलं — एलोडीची रिबीन जिथे काडीला जोडतात, तिथली शिवण उसवत आली होती. दोन टाक्यांचं काम. सुईदोरा पर्समध्येच होता. आदल्या दिवशी सईच्या ड्रेसचे मणी शिवले होते. मग का नाही घातले टाके? विसरले? नाही. मी रिबीन नीट गुंडाळली, क्लिप लावली आणि तिच्या हातात दिली.

“ऑल गुड, मावशी?”

“ऑल गुड. यल्ला, चल, जा.”

ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, यशस्वी हो.

तिसऱ्या उडीला रिबीन सुटून लांब जाऊन पडली. एलोडी नुसती काडी धरून उभी राहिली. मग राखीव रिबीन घेऊन तिनं कसंबसं पूर्ण केलं. प्रशिक्षिका दोन शब्द गोड बोलून निघून गेली. परतताना गाडीत एलोडी रडत म्हणाली, आपलं साहित्य आपणच तपासायचं असतं, मीच तपासलं नाही. स्टिअरिंग माझ्या हातात होतं. मी म्हणाले, असू दे बाळा.

सई त्या दिवशी पाचवी आली. वर्षभरात तिनं खेळच सोडला. एलोडीनंही सोडला, फ्रान्सला परत गेल्यावर.

आता ती तिकडे लहान मुलींना शिकवते. गेल्या महिन्यात तिनं व्हिडिओ पाठवला: दहाबारा चिमुरड्या रांगेत उभ्या राहून आपापल्या रिबिनीचा जोड ओढून बघताहेत. खाली लिहिलं होतं, मावशीनं इतक्या प्रेमानं इस्त्री केलेली रिबीन मी न तपासता घेऊन गेले, हे मी दर वर्षी नव्या मुलींना सांगते.

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग शाब्बास असं लिहून पाठवलं.