कापलेल्या गवतावर लावलेल्या गाड्या

ऐका ना, हे आत्ताच सांगायला पाहिजे. शूजमध्ये अजून कुसळं टोचतायत, पण आधी टाइप करते!

मी रस्त्यांचं मेंटेनन्स करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे साईट इंजिनीअर आहे. उन्हाळ्यात रस्त्याकडेचं सुकं गवत कापायचं कामही आमचंच. का कापायचं? कारण ते पेटतं. लोक बिडी-सिगरेटला शिव्या घालतात, पण नुसती गाडीसुद्धा पुरते. गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या पुढे, धूर साफ करणारा एक डबा असतो. तो तव्यापेक्षा जास्त तापतो. सुकं गवत त्याला चिकटलं की संपलं.

तर आज खांदेश्वरजवळ सर्व्हिस रोडलगतच्या मोकळ्या प्लॉटवर आमची टीम गवत कापून गेली. संध्याकाळी मी काम झाल्याचे फोटो काढायला आले, बघते तर सगळं कापलेलं गवत तिथेच! गादीसारखं पसरलेलं. आमच्या लाइनमध्ये कापणारे वेगळे, उचलणारे वेगळे. उचलणारे येणार उद्या. आणि त्या गादीवर गाड्या लागायला लागलेल्या, कारण बाजूच्या गावात हळद. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खा गोतावळा, तोही गाड्या घेऊन.

प्लॉटला लागूनच सुनंदाताईंची नर्सरी. बांबू, हिरवी जाळी, सुक्या काथ्याच्या गोणी. मागे त्यांचं घर. आग तिथे पोचली असती तर काहीच उरलं नसतं.

वाशीच्या ऑफिसात सरांना फोन लावला.

"सर, गवत उचललेलंच नाहीये. वर गाड्या लागतायत."

"अगं, कापलंय ना? मग कसलं टेन्शन?"

"सर, उभं होतं तेच बरं होतं. निदान त्यात कोणी गाडी घातली नसती!"

"उद्या उचलू. हळदवाल्यांशी पंगा घेऊ नकोस."

घेतला. मुलीचे वडील दत्ताशेठ स्वतःच गाड्या लावून घेत होते.

"काका, इथे गाड्या नको. पेटेल."

"अगो पोरी, माजे पोरीची हलद हाय. पावन्यांच्या गाऱ्या काय डोक्यावर ठेवू? तुमीच साफ केलाव ना? आमाला वाटला, पार्किंगच करून दिली!"

शेजारी त्यांचा भाचा एसी लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत बसलेला. मला जळका वास आला. "दादा, इंजिन बंद करा आधी!" म्हणत मी मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकले. काठीने डब्याजवळचा गवताचा पुंजका ओढला. काळा पडलेला, धूर सोडणारा. तोच काठीवर धरून काकांना दाखवला.

"आत्ता धूर आहे, काका. पुढे काय ते तुम्हीच सांगा."

त्यांनी पुंजक्याकडे बघितलं, मग नर्सरीकडे. आणि सरळ डीजेचा माइक घेतला.

"गाना बंद कर रं! सगल्यांनी गाऱ्या डांबरीवर घ्या! आदी गाऱ्या, मंग हलद!"

गाड्या भराभर निघाल्या. शेवटची हलली आणि तिच्याखालचं गवत भडकलंच! पण सुनंदाताई नर्सरीचा पाइप घेऊन आधीच आत घुसलेल्या. "सरक गं बाजूला!" मी अर्धी भिजले, आग पूर्ण विझली.

"कापायला एवढी फौज आली," ताई मला म्हणाल्या, "उचलायला काय देव येणार होता?"

मग हळद बाजूला ठेवून पावण्यांनीच फावडी, घमेली घेऊन गवत उचललं. काकांनी टँकर मागवून अख्खा प्लॉट भिजवला. मी सरांना ओल्या प्लॉटचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "उद्यापासून कापणं-उचलणं एकाच दिवशी." बस, सॉरी वगैरे काही नाही. चालेल.

गवत कापून तिथेच टाकलं तर ती साफसफाई नसते, आगीची तयारी असते. फोटोत मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

तुमच्याकडे झालंय का असं कधी? कडेला गाडी लावली आणि खालून जळका वास आला? मग काय केलंत?