दिलवेनला कोणी 'तू' म्हणेना

साठीला टेकलेली बाई कायदा शिकायला विद्यापीठात निघाली, आणि तोही वेल्श भाषेला जोडून, ही बातमी वेल्समधल्या तिच्या गावात पोचली तेव्हा आधी कोणाचा विश्वासच बसला नाही. मग बसला, आणि सगळ्यांना एकदम सल्ले सुचायला लागले. खाटीक म्हणाला, "अहो दिलवेन, या वयात माणसं विणकाम शिकतात!" चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वकील झालात की पहिला खटला आमच्यावर भरू नका म्हणजे मिळवली." दिलवेन हसली. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला. पोरांच्या ताटात उकडलेले बटाटे वाढता वाढता टोमणे पचवायची सवय तिला आपसूकच झाली होती.

कायदा तिच्या डोक्यात शिरला तो नवऱ्यामुळे. आर्वोन स्लेटच्या खाणीत राबला, छाती खराब करून घेतली, आणि शेवटच्या वर्षी आजारपणाच्या भत्त्यासाठी एका सुनावणीला गेला. वेल्शमध्ये बोलायचा त्याला हक्क होता. पण टेबलापलीकडच्या तिघांपैकी एकाला वेल्श येत नव्हतं, आणि समोरच्याला कळत नसताना आपल्या भाषेत बोलत राहणं आर्वोनला उर्मटपणा वाटायचा. आमच्या लोकांची ही जुनी खोड. दहा जण बसलेले असोत, एक न कळणारा आला की दहाही जण मुकाट्यानं इंग्रजीवर येतात. तर तो इंग्रजीत बोलला. त्यांनी विचारलं, "कसं काय, आर्वोन?" तो म्हणाला, "बरंय, फार वाईट नाही." आता खाणीतल्या माणसाच्या 'बरंय'चा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या तिघांनी मात्र गृहस्थ बरा आहे असं लिहून घेतलं. भत्ता नाकारला गेला, आणि वसंत ऋतू यायच्या आत आर्वोनही गेला.

लोक म्हणाले, दिलवेनला त्या अन्यायाची चीड आली म्हणून ती कायदा शिकायला गेली. ते खरंच होतं. पण आर्वोनबरोबर आणखी एक गोष्ट गेली होती, ती कोणाच्या लक्षात आली नाही. जगात तिला 'तू' म्हणणारा तो शेवटचा माणूस होता. आईवडील केव्हाच गेले, भावंडं नव्हती, मूल झालं नाही. गावात ती सगळ्यांची 'तुम्ही'. आर्वोनला पुरलं तेव्हा थडग्याशी उभं राहून पाद्री म्हणाला, "तुम्ही धीर धरा," आणि तिला एकदम वाटलं की आता आपण उरलेला सगळा जन्म तुम्हीच राहणार.

विद्यापीठाच्या गावात तिनं समुद्रासमोरच्या एका उंच घरात माळ्यावरची खोली घेतली. कायद्याची मोठी व्याख्यानं इंग्रजीत असत. तिथे शेकडो पोरं, आणि इंग्रजीला काय, राजा असो की भंगारवाला, सगळ्यांना एकच 'यू'. शेजारी बसलेला बर्मिंगहॅमचा एक दाढीवाला मुलगा तिला कोपरानं ढोसून पेन मागायचा आणि परत द्यायला विसरायचा. तिला ते आवडायचं.

वेल्शमध्ये 'तू' वेगळं, 'तुम्ही' वेगळं, म्हणून खरी पंचाईत वेल्शमधल्या वर्गाची. तिथे पाचच जण. डोंगराकडच्या शेतावरून आलेली कादी, माक्सेन नावाचा एक तापट मुलगा, आणखी दोघं, आणि दिलवेन. शिकवणारा गेथिन चाळिशीचा, स्वेटरचे कोपर फाटलेला, चांगला माणूस. तो चौघांना 'तू' म्हणायचा, चौघं त्याला 'तू' म्हणायची, आपापसात तर अरेतुरेच. आणि दिलवेनकडे वळले की पाचही जणांचा आवाज बदलायचा. "तुम्हाला काय वाटतं, दिलवेन?" "तुम्ही बसा, दिलवेन." वर्ग सुटला की ती पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत दारूच्या गुत्त्याकडे जायची आणि दारात थांबून म्हणायची, "येता का तुम्ही?" त्या 'येता का'मध्ये ती नाही म्हणेल हे आधीच ठरलेलं असे. मग ती नाही म्हणायची.

आपल्या भाषेच्या उबेला म्हणून आलेली बाई परक्या भाषेच्या गर्दीत जास्त रमत होती, याची तिला लाज वाटे. संध्याकाळी खोलीत ती लीकची कांद्यासारखी पात घालून मटणाचं सूप करायची, हात जुनाच असल्यामुळे दोघांपुरतं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच गरम करून खायची. रविवारी फोन वाजत नसे. एकदा अंडं उकडताना आरशात बघून तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं, "मला तू म्हणा की रे!" आणि तिचं तिलाच इतकं ओशाळं वाटलं की अंडं दगडासारखं होईपर्यंत गॅस बंद करायचं राहिलं. 'तू' असं हात पसरून मागायचं असतं का?

फेब्रुवारीत गेथिननं वर्गात खोटा खटला लावला. जुन्या वेल्श राजांच्या कायद्यात मांजराच्या विक्रीचे नियम आहेत, विकणाऱ्यानं हमी द्यायची की मांजर नीट ऐकते, नीट बघते, उंदीर मारते आणि स्वतःची पिल्लं खात नाही. खटला असा, की विकत घेतलेली मांजर उंदराकडे ढुंकूनही बघत नाही. घेणारा आणि त्याचा वकील दोन्ही माक्सेन, विकणारीची वकील दिलवेन.

"मांजरीला दूध किती पाजत होतात तुम्ही?" दिलवेननं विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?" माक्सेन म्हणाला.

"वाटीभर?"

"दोन वाट्या. आणि थोडी साय."

"आणि मासळी?"

"शुक्रवारी फक्त!"

पोरं खो खो हसायला लागली. दिलवेनला चेव चढला. "म्हणजे माझ्या अशिलानं उंदीर मारणारी मांजर विकली आणि तुम्ही तिची जमीनदारीण केलीत. तृप्त पोटानं कोण शिकारीला जातं? कायदा मांजरीची हमी मागतो, मालकाच्या लाडाची नाही!"

माक्सेनचे कान लाल झाले. तो उठलाच. "कायदा असं म्हणतच नाही! तू ना, तुला काही कळतच नाही दिलवेन, उगाच फाटे फोडतेस!"

कादीनं तोंडावर हात ठेवला. दिलवेनच्या छातीत मात्र काहीतरी लख्खकन हललं. तुला, फोडतेस. किती महिन्यांनी! तिला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली. पुढचं वाक्य तिच्या ओठावर आलं होतं, "फाटे तू फोडतोयस, गाढवा!" एवढं बोलली असती तर सगळं मार्गी लागलं असतं.

पण गेथिनचा आवाज आधी आला. "माक्सेन! ही काय बोलायची रीत झाली? माफी माग."

"माफ करा, दिलवेन," माक्सेन पुटपुटला. "तुम्हाला असं म्हणायचं नव्हतं मला. तोंडातून गेलं."

आणि दिलवेन, जन्मभराच्या सवयीनं, म्हणाली, "असू दे हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्या संध्याकाळी ती समुद्रकाठच्या रस्त्यानं चालत शेवटच्या कठड्यापर्यंत गेली. तिथे पोचलं की कठड्याला लाथ मारून परतायचं, अशी त्या गावची रीत आहे. तिनं जरा जोरातच मारली. मागून धापा टाकत कादी आली.

"दिलवेन, थांबा ना! किती भरभर चालता तुम्ही. माक्सेनवर रागावलात? तो नुसता रडायचा बाकी आहे."

"छे हो, रागावेन कशाला? उलट मला तर..."

"बघा! हे 'हो' कशाला लावता मला? एकोणीस वर्षांची घोडी मी. तुम्ही सगळ्यांना तुम्ही-तुम्ही करता, आम्हाला वाटतं की तुम्हाला आमच्यात मिसळायचंच नाही. माक्सेन तर म्हणतो, दिलवेन आपल्याशी जज्जासारख्या बोलतात."

दिलवेन बघतच राहिली. जन्मभर काउंटरपलीकडून तिनं पोरांना 'तू' म्हटलं होतं, 'सगळं संपव', 'शर्टाला हात पुसू नकोस'. इथे येताना तिनं मनाशी ठरवलं होतं की आता ही पोरं नव्हेत, बरोबरीनं बसणारी माणसं आहेत, त्यांना तसं वागवायचं नाही. मान द्यायचा. त्या मानानंच तिचा घात केला होता.

"बरं," ती म्हणाली. "तू जा आता. तुझी बस चुकेल."

कादीचा चेहरा उजळला. "अय्या, तू म्हणालात! थांबा, सगळ्यांना सांगते!" तिनं दिलवेनच्या गालाला गाल लावला. दिलवेन वाट बघत उभी राहिली. आता येईल. कादी दोन पावलं गेली, वळली आणि म्हणाली, "आणि तुम्ही डोक्याला काहीतरी बांधा बाई, वारा बोचरा आहे. तुमचं वय आहे का असं हिंडायचं?"

पुढच्या आठवड्यापासून हीटरजवळची खुर्ची दिलवेनची झाली. माक्सेन तिची पिशवी जिन्यावरून वाहायला लागला. तिघांनी तिला आपल्या आयांच्या तक्रारी सांगितल्या. ती त्यांना 'तू' म्हणे, पोरं तिला 'तुम्ही' म्हणत, आणि आता त्यात मायाही होती, त्यामुळे बोलायची सोयच उरली नाही. आधी दोन्हीकडून 'तुम्ही' होतं तेव्हा निदान बरोबरी तरी होती. आता ती सगळ्यांची मावशी झाली. तिला रडू यायचं, आणि एवढ्या चांगल्या पोरांमुळे रडू यावं याचा रागही यायचा.

मार्च संपता संपता ती गेथिनकडे गेली. "पुढच्या वर्षी मी कायदा नुसता इंग्रजीतून करेन म्हणते. वेल्श सोडते."

गेथिननं पेन खाली ठेवलं. "तुम्ही? अहो, तुमचं वेल्श आमच्या सगळ्यांहून चांगलं आहे."

"भाषेचा प्रश्न नाही हो."

"मग?"

काय सांगणार? मला कोणी तू म्हणत नाही, असं एका डॉक्टरेटवाल्यापुढे कसं म्हणायचं? गेथिनही भला, त्यानं खोदून विचारलं नाही. "ठीक आहे. पण जायच्या आधी माझं एक काम करा. शनिवारी वाचनालयात आमचं मोफत सल्ला केंद्र असतं. या शनिवारी वेल्श बोलणारं कोणी नाही. एवढा एक दिवस बसा."

शनिवारी ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसली. शेजारच्या टेबलाशी देखरेखीला एक वकीलबाई होत्या, त्यांना वेल्श येत नव्हतं. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. मग काठीचा आवाज जिना चढत वर आला, आणि त्यामागून ऐंशीच्या पुढची एक ठेंगणी म्हातारी, चॅपलला घालायच्या रविवारच्या टोपीत. जेनेट तिचं नाव. खुर्चीच्या काठावर बसून तिनं पाठ करून आणलेलं इंग्रजी सुरू केलं. "प्लीज. द गेट. द मॅन, ही लॉक..." आणि पुढचा शब्द सापडेना.

"वेल्शमध्ये सांगा," दिलवेन म्हणाली. "इथे चालतं. तुम्ही आधी नीट मागे टेकून बसा."

जेनेटनं वकीलबाईंकडे चोरटी नजर टाकली. "पण त्यांना कळणार नाही ना. बरं दिसतं का ते?"

"त्यांना मी सांगेन. बोला तुम्ही."

झालं, बांध फुटला. शेजारचं घर कोणा बाहेरच्यानं घेतलं, बोळाच्या फाटकाला कुलूप ठोकलं. त्या बोळातून ती लग्न होऊन आल्यापासून कोंबड्यांच्या खुराड्याकडे जाते. आता डांबरी रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं, लॉऱ्या अंगावरून जातात, आणि कोंबड्या रुसून अंडी देत नाहीत. दिलवेन विचारत गेली, लिहीत गेली. किती वर्षांची वहिवाट? कोणी अडवलं होतं का? कोणाची परवानगी मागितली होती का कधी? मध्येच वकीलबाईंना इंग्रजीत समजावत गेली. कायदा तिच्या हातात पहिल्यांदाच कामाचा वाटत होता.

जेनेट बोलायची थांबली. चष्मा नाकावर खाली ओढून तिनं दिलवेनला टोपीच्या कडेखालून निरखलं.

"बोलण्यावरून खाणींकडची वाटतेस," ती म्हणाली. "कोणाची गं तू?"

दिलवेनचं पेन थांबलं. हा प्रश्न तिला जन्मभर विचारला गेला होता आणि उत्तर नेहमी तयार असायचं. आधी वडिलांचं नाव, मग आर्वोनचं. तिनं तोंड उघडलं. एवढ्या दिवसांनी कानावर आलेलं ते 'तू' समोर बसलं होतं, म्हातारं, टोपी घातलेलं, उत्तराची वाट बघत. आणि द्यायला नाव नव्हतं.

"आता कोणाचीच नाही," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी आवरलं नाही.

जेनेटनं बरं वाटेल असं काही म्हटलं नाही, हातावर हात ठेवला नाही. काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे तुला वेळच वेळ असेल. पूस ते डोळे आणि लिही. आणि पुढच्या शनिवारी मला तूच हवीस, सगळं पुन्हा दुसऱ्या कोणाला सांगत बसणार नाही मी. असशील ना?"

"असेन," दिलवेन म्हणाली, आणि लिहायला लागली.