आप्पांची पिठी आणि डावीकडून तिसरा डबा

आमच्या घरात अँटिऑक्सिडंटवर बोलणारा मी एकटाच आहे, आणि ऐकणारं कुणीच नाही.

पुण्याला असलेल्या आमच्या मुलाने कॅरोबच्या पिठाचं पाकीट पाठवलं, तेव्हापासून हे सुरू झालं. कॅरोब म्हणजे परदेशातल्या एका झाडाच्या शेंगा. त्या वाळवून, भाजून दळल्या की कोकोसारखं गोडसर तपकिरी पीठ होतं. (पाकीट मी दोनदा वाचलं होतं. चष्मा लावून!)

"यात पॉलिफेनॉल नावाचे अँटिऑक्सिडंट असतात," मी बायकोला, सुमनला, समजावलं. "खाऱ्या वाऱ्याने आपल्या खिडकीचे गज गंजतात ना? तसं शरीरही आतून गंजतं. अँटिऑक्सिडंट तो गंज थोपवतात."

"मग आधी गजांना लावा," ती म्हणाली. "आणि पाकीट उघडं टाकू नका, सर्दावेल."

मी लगेच फळीवरचा एक रिकामा डबा पुसला, त्यात पीठ ओतलं आणि डबा होता तिथेच ठेवला. आता, आमच्याकडे डब्यांवर नावं नसतात. डबा कितवा, यावर आत काय ते ठरतं. डावीकडून तिसरा म्हणजे कुळथाचं पीठ! ही राज्यघटना घरात सर्वांना पाठ आहे. (सर्वांना म्हणजे सुमनला.) ते पीठ संपलं होतं आणि आणायचं काम माझ्याकडे होतं, हे मी साफ विसरलो होतो.

त्याच आठवड्यात माझे वडील, ब्याऐंशी वर्षांचे आप्पा, तापाने झोपले. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. आठ दिवस दोन-दोन चमचे पेज! "उद्यापर्यंत जेवले नाहीत तर दवाखान्यात हलवू," डॉक्टर म्हणाले. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी खरंच घाबरलो होतो.

आणि त्या दुपारी ते हळूच म्हणाले, "सुमन, मऊ भात नि कुळथाची पिठी करशील?"

सुमन धावतच स्वयंपाकघरात गेली. "अहो, डबा भरून ठेवलात! बरं केलंत हो!" आतून आवाज आला.

मी मान डोलावली. (कौतुक कशाचं, हे मी विचारत नाही. ते वर्षातून एकदा होतं.)

लसणीची फोडणी, मिरची, आमसुलं आणि तिसऱ्या डब्यातलं पीठ! वास जरा वेगळा आला. "जास्त भाजलेत वाटतं कुळीथ," सुमन पुटपुटली.

आप्पांनी पहिला घास घेतला. आम्ही दोघं टक लावून बघत होतो. घास तोंडातच थांबला.

"हे काय?"

"पिठी, आप्पा."

"ही पिठी? लसणीचं चॉकलेट ओतलंस माझ्या भातावर!"

मी बोट लावून चाखलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आप्पा, त्यात अँटिऑक्सिडंट..."

"खड्ड्यात गेले ते!"

आठ दिवस कूस न बदललेले आप्पा ताडकन उठले, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी तिसरा डबा उघडून हुंगला. मग मला कुळथाच्या पिठासाठी वाण्याकडे पिटाळलं. मी परत आलो तर स्वारी ओट्याजवळ खुर्ची टाकून बसलेली! "लसूण ठेच. नुसती चिरू नकोस," सुमनला सूचना चालू होत्या.

मग आप्पा जेवले. चांगले पोटभर जेवले आणि पुन्हा भात मागितला. सुमनने पदराने डोळे पुसले. "आप्पा, फार बरं वाटलं," मी म्हणालो.

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"निघालोच होतो रे. पण घर कुणाच्या हाती सोपवून चाललोय, ते आज कळलं. वाढ गो सुमन, अजून दहा वर्षं तरी मला हलता येणार नाही!"