तुक्क्याचं गणित

बारावीला असताना मानपाड्याच्या क्लासमध्ये माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण गणितात जेमतेम पास व्हायची. म्हणून संभाव्यतेच्या चाचणीत मला दहापैकी सहा आणि तिला आठ पडले, तेव्हा मी विचारलं, "कसे काय गं?"

"तुक्के मारले," ती हसली. "सगळेच."

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते. सर तेव्हा द्विपद वितरणच शिकवत होते, ते मी घरी जाऊन तिच्यावरच लावलं. दहा प्रयत्न, प्रत्येक वेळी यशाची शक्यता पाव. नुसत्या तुक्क्यांनी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता दहा हजारांत जेमतेम चार निघाली. पुन्हा केलं. तेच. मग एकेक आठवायला लागलं. पेपर चालू असताना ती दोनदा बाटली उचलायला वाकली होती. ओढणी सारखी नीट करत होती. माझं बघितलं असेल? पण माझे तर सहाच. मग पुढचीचं?

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधी मी वही सरांपुढे ठेवली.

"गणित बरोबर आहे," सर म्हणाले. "पण यातून सिद्ध काय झालं?"

"तिने कॉपी केली."

"नाही. तिने तुक्के मारले नाहीत, एवढंच."

ती आल्यावर त्यांनी तिला फळ्याजवळ बोलावलं. दहा टक्के बल्ब खराब निघतात, तर पाचांत नेमके दोन खराब असण्याची शक्यता किती? तिने कुठेही न अडखळता सोडवलं. मग खडू ठेवताना टेबलावरची माझी उघडी वही तिला दिसली. वर तिचा रोल नंबर होता.

क्लास सुटल्यावर जिन्यात तिला गाठलं. "खोटं का बोललीस?"

"महिनाभर रोज पहाटे उठून करतेय. ते सांगितलं असतं आणि पुढच्या वेळी चारच पडले असते तर? तुक्के चुकले तर कोणी हसत नाही." दोन पायऱ्या उतरून म्हणाली, "सरांकडे जायच्या आधी मला परत विचारायचंस ना."

मी सॉरी म्हणाले. "ठीक आहे," म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर जाऊन बसली.

पुढच्या चाचणीत तिला नऊ पडले. मी मुद्दाम उठून अभिनंदन करायला गेले. "थँक्स," ती म्हणाली आणि मी वाकायच्या आत तिने आपली वही मिटली.